तिजोरीची किल्ली
(नाशिकमधील एका व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गोदाकाठच्या यशवंतराव महाराज पटांगणावर आपण भाषणं ऐकतो, पण हे यशवंतराव कोण, हा प्रश्न आपल्याला फारसा पडत नाही. ते संन्यासी नव्हते. सरकारी नोकर होते, सटाण्याचे मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात बागलाणातली माणसं अन्नाला मोताद झाली, तेव्हा त्यांनी आधी स्वतःचं होतं-नव्हतं ते दिलं आणि मग सरकारी तिजोरी उघडली. सव्वा लाखाच्या वर रुपये वाटले, असं सांगतात. पुढे तपासणी आली तर तिजोरी भरलेली निघाली, अशी कथा आहे. लोकांनी त्यांना ‘देवमामलेदार’ केलं. १८८७ साली नाशिकलाच त्यांचं देहावसान झालं. समाधीही इथेच.

भाविकांना त्यातला चमत्कार प्यारा. मला त्याआधीचा क्षण मोठा वाटतो. किल्ली फिरवली, तेव्हा तिजोरी पुन्हा भरेल असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. समोर दिसत असणार ती जाणारी नोकरी, कदाचित बेड्यासुद्धा.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कसली तिजोरी? आहे की! दाखल्यासाठी पुन्हा पुन्हा खेटे घालणाऱ्या आजीला नेमका कुठला कागद कमी आहे, ते चिठ्ठीवर लिहून देणं टेबलामागच्या माणसाच्या हातात आहे. पार्सलवाल्या पोरांनी लिफ्ट वापरायची नाही, असा ठराव सोसायटीत आला, की हात वर करायचा की नाही हे तुमच्या-माझ्या हातात आहे. ठराव मंजूर करायचा, मग चार जिने चढून धापा टाकत आलेल्या पोराला पाणी विचारायचं आणि स्वतःवर खूश व्हायचं, ही आपली रीत. पाणी द्याच हो. पण आधी लिफ्ट द्या.

आणि ज्यांच्या हातात खरोखरच काही नाही, त्यांचं काय? मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा आपल्या सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बस स्थानकावरून निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी शेतकरी मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालले. अनेकांचे पाय फुटले होते. शेवटच्या रात्री मुक्काम सायनच्या सोमय्या मैदानावर होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. पोरांची वाट अडू नये म्हणून ही थकलेली माणसं रात्रीतच उठली आणि आझाद मैदानाकडे चालू लागली. सरकारशी भांडायला निघालेल्या माणसांनी अनोळखी पोरांसाठी आपली झोप दिली! मुंबईकरही मग पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले.

एक मात्र रोखठोक बोललं पाहिजे. दया दाखवून हक्काची बोळवण करता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, तो कुणाची कृपा मागायला नव्हे. आपण मात्र कामवाल्या ताईंना दिवाळीला हौसेनं साडी देतो आणि त्यांनी महिन्याच्या चार पगारी सुट्ट्या मागितल्या, की ‘हल्ली फारच शेफारल्यात’ म्हणतो.

जाता जाता एक कामाची गोष्ट. हायवेला अपघात दिसला, की ‘नसती पोलिसांची भानगड’ म्हणून गाड्या पुढे जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं आहे. सद्भावनेनं मदत करणाऱ्याला त्याचं संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. तेव्हा थांबा, १०८ ला फोन लावा. फक्त स्वतःची गाडी कडेला, मागच्यांना दिसेल अशी उभी करा.