पावसाच्या पावलांनी येणारं भाग्य

(दृश्य: ठाणे, नौपाडा. सोसायटीचं आवार, संध्याकाळ.)

नवरात्रात ठाण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीत गेलात, तर आवाराच्या मधोमध पाट मांडलेला दिसेल. पाटावर हत्ती. कुठे रांगोळीचा, कुठे खडूचा, तर कुठे हौसेने धान्याचा: अंगाला तांदूळ, झुलीला मसूर, डोळ्याला काळे तीळ. उचललेल्या सोंडेच्या टोकाला झेंडूचं फूल. हळद-कुंकू वाहिलं की भोंडल्याचा फेर सुरू होतो, आणि धाकट्यांचं सगळं लक्ष खिरापत ओळखण्याकडे.

पण पाटावर हत्तीच का?

२७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात येतो. हस्ताचा पाऊस म्हणजे जाता जाता गडगडाट करून कोसळणारा, रब्बीसाठी जमिनीत ओल ठेवून जाणारा पाऊस. त्या पावसाचं रूप म्हणजे हा हत्ती. पंचांगातही पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. कोल्हा, उंदीर, घोडा, बेडूक, म्हैस... आणि वाहन हत्ती निघालं की घरातली म्हातारी माणसं हमखास म्हणतात, "यंदा चांगला लागणार."

मला वाटतं, हत्तीच्या शुभपणाचं मूळ इथेच आहे. त्याची ताकद, त्याचा राजेशाही थाट हे सगळं नंतर आलं. आधी आला तो पाऊस. काळाभोर, संथ, गर्जना करणारा, सोंडेने पाणी उडवणारा हा प्राणी आपल्या पूर्वजांना ढगाचा भाऊबंद वाटला. हत्तींना पूर्वी पंख होते, ते आभाळात फिरत आणि एका ऋषीच्या शापाने जमिनीवर आले, अशी जुनी कथाच आहे. इंद्राचा ऐरावतही निघाला तो समुद्रमंथनातून, पाण्यातूनच.

(दृश्य: वेरूळ, कैलास लेणं.)

वेरूळच्या कैलास लेण्यात प्रवेशद्वारातून आत शिरताच समोर गजलक्ष्मी येते. कमळांनी भरलेलं तळं, त्यात बसलेली लक्ष्मी, आणि वरून तिच्यावर घडे उपडे करणारे हत्ती. शिल्पापुढे जरा थांबून तळ्याकडे बघा. पानं, कळ्या, फुलं यांची इतकी दाटी आहे की दगड ओला वाटावा. लक्ष्मी आणि तिला न्हाऊ घालणारे हत्ती ही जोडी भारहुत आणि सांचीच्या बौद्ध स्तूपांवर त्याच्याही कित्येक शतकं आधी कोरलेली आहे. आज ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात दिवाळीच्या तोंडावर गजलक्ष्मीचा पितळी दिवा घेणारी बाई तीच परंपरा पिशवीत घालून घरी नेते.

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची कथा, रंगवलेलं आहे. या राजपुत्राकडे एक पांढरा हत्ती होता. तो जिथे जाई तिथे पाऊस पडे. दुष्काळाने होरपळलेल्या कलिंगातून ब्राह्मण आले, त्यांनी हत्ती मागितला आणि राजपुत्राने तो देऊनही टाकला. प्रजा खवळली. आपला पाऊसच परक्यांना दिला म्हणून तिने राजपुत्राला वनवासाला धाडायला लावलं! ही कथा बौद्ध धर्माबरोबर श्रीलंका, ब्रह्मदेश, सयामपर्यंत (आजच्या थायलंडपर्यंत) पोचली आणि तिथे आजही घरोघरी ठाऊक आहे. बुद्धजन्माआधी मायादेवीच्या स्वप्नात आला तोही पांढरा हत्तीच.

पुढे पांढरा हत्ती राजाच्या पुण्याईची खूण ठरला. १५६३ मध्ये ब्रह्मदेशाच्या बयिन्नौंग राजाने सयाममधल्या अयुथयाच्या राजाकडे दोन पांढरे हत्ती मागितले, नकार मिळाला आणि युद्ध पेटलं. सयामच्या झेंड्यावर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत पांढरा हत्ती होता. (प्रत्यक्षात तो दुधासारखा पांढरा नसतो, कातडी फिकट गुलाबीसर असते.) श्रीलंकेत कॅन्डीच्या पेराहेरा मिरवणुकीत बुद्धाच्या दंतधातूची मंजूषा वाहणारा राजा नावाचा हत्ती १९८८ मध्ये गेला, तेव्हा त्याचा देह दंतमंदिराच्या आवारात जतन करून ठेवला गेला.

(दृश्य: मुलुंड, रहदारीचा रस्ता.)

आता ठाण्याच्या वेशीवरचं मुलुंड. जून २०१३. बिजली नावाची म्हातारी हत्तीण इथे कोसळली. आयुष्यभर वरातीत मिरवलेली, दारोदार भीक मागायला फिरवलेली. लोकांनी तिच्या सोंडेत नाणी ठेवली, पोरांना तिच्या पोटाखालून नेलं, आणि त्यांची श्रद्धा खरी होती. तिच्या उपचारांसाठी माणसं रात्रंदिवस धावली. महिना संपता संपता ती गेली. हत्तीला दिवसाला शंभरेक लिटर पाणी लागतं, डुंबायला लागतं ते वेगळंच. आपल्याला पाऊस आणून देणारा म्हणून ज्याला पुजायचं, त्यालाच डांबरी रस्त्यावर पाण्याला मोताद करायचं, हे मनाला पटत नाही.

रानातला हत्ती महाराष्ट्रात अजून आहे. २००२ मध्ये कर्नाटकातून काही हत्ती सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरले आणि तिल्लारीच्या परिसराशी त्यांचं नातं जुळलं. तिथे पाणी आहे, बांबू आहे. केळी, माड, पोफळीच्या बागाही आहेत, आणि एका रात्रीत बाग आडवी झाली की बागायतदाराच्या कित्येक वर्षांची मेहनत जाते. त्याची भरपाई वेळेवर आणि पुरेशी हातात पडली, तरच हत्तीला तिथे थारा मिळेल.