थांबा, माझी तयारी झालेली नाही

नमस्कार, श्रोतेहो.

उत्तर वेल्समध्ये लानगेर्न्यू नावाचं एक खेडं आहे. तिथल्या सेंट डिगेनच्या लहानशा चर्चमध्ये वर्षातून दोन रात्री, ३१ जुलैला आणि ३१ ऑक्टोबरला, अँगेलिस्टर नावाचा आत्मा येतो, अशी जुनी समजूत. येत्या वर्षात गावातलं कोण कोण जाणार, त्यांची नावं तो वेल्श भाषेत एकेक करून पुकारतो.

शॉन आप रॉबर्ट नावाच्या शिंप्याला हे काही पटेना. गुत्त्यात बसून त्याने सगळ्यांना वेड्यात काढलं आणि हॅलोवीनच्या रात्री एकटाच चर्चकडे गेला. कान देऊन ऐकतो तर आतून पुकारा आला, ‘शॉन आप रॉबर्ट!’ बिचारा ओरडला, ‘थांबा, थांबा, माझी अजून तयारी झालेली नाही!’ त्याच वर्षी तो वारला, असं सांगतात. मला त्या ओरडण्याने नेहमी गलबलून येतं. तयारी झालेली असते तरी कोणाची?

याच चर्चच्या आवारात एक यू वृक्ष आहे. हजारो वर्षांचा आहे म्हणतात, पण नेमकं वय सांगणं अवघड, कारण यू म्हातारा झाला की आतून पोकळ होत जातो. गाभाच उरला नाही, तर वर्षांची वलयं मोजणार कशी? गाभा गेला तरी बाहेरून नवे धुमारे फुटत राहतात. आपल्या वडाच्या पारंब्या वरून खाली येतात. यूच्या फांद्याच वाकून मातीला टेकतात आणि तिथे मूळ धरतात. पानं चपटी, सुईसारखी, काळपट हिरवी. फळ मण्याएवढं, लालभडक. त्याचा तो लाल गर तेवढा बिनविषारी. आतली बी, पानं, साल, सगळं विषारी. गुरांनी खाल्लं तर जीव जातो. म्हणून भिंतीच्या आत, दफनभूमीतच यू लावत, असं कोणी म्हणतं. बारमाही हिरवा, म्हणून मृतांच्या सोबतीला, असं दुसरं कोणी.

लानगेर्न्यूच्या या वृक्षाच्या दुभंगलेल्या खोडात १९९०च्या दशकापर्यंत चर्चच्या तेलाची टाकी ठेवलेली होती. रोज डोळ्यांसमोर असलेल्या झाडाचं मोल आपल्याला असं दिसेनासं होतं, याचं मला फार वाईट वाटतं. आता टाकी काढली आहे. झाड उभं आहे.

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये पेन्सविक गाव आहे. तिथे चर्चभोवती कातरून गोलाकार केलेले यू आहेत. ते ९९च, शंभरावा लावला तर सैतान तो जगू देत नाही, अशी आख्यायिका. सप्टेंबरमध्ये तिथे ‘क्लिपिंग’ असतं. झाडं कातरतात म्हणून हे नाव, असं कोणालाही वाटेल. पण हा जुना इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा अर्थ मिठी मारणं. मुलं एकमेकांचे हात धरून चर्चभोवती कडं करतात. अख्ख्या इमारतीला गावाने दिलेली मिठीच ती.

आणि स्कॉटलंडमधल्या पर्थशायरात फोर्टिंगॉल. तिथल्या चर्चच्या यूचा घेर १७६९ मध्ये ५२ फूट मोजला गेला. खोड दुभंगून मधे इतकी वाट झाली होती, की प्रेतयात्रा त्यातून नेत, असं सांगतात. आठवण म्हणून लोकांनी तुकडे तोडून नेले, तेव्हा भोवती भिंत बांधावी लागली. या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फळं फक्त मादीला धरतात. हा यू नर म्हणूनच ओळखला जायचा. पण २०१५ मध्ये एडिनबरोच्या वनस्पतिउद्यानातल्या अभ्यासकांना त्याच्या बाहेरच्या बाजूच्या एका फांदीवर तीन लाल फळं दिसली.

बाकी सारं झाड नरच होतं. ती एक फांदी तेवढी मादी झाली होती.