आकडा आधी, गाणं नंतर

मंडळी, कलाकारापायी वेडं होणं ही काही आजच्या पोरांनी काढलेली रीत नव्हे. बालगंधर्व रंगभूमीवर जसं लुगडं नेसत, तसं नेसायची हौस घरंदाज बायकांना होती. पुरुषांच्या डोक्यावर गंधर्व टोपी आली. नाटकात एकाने 'वन्स मोअर' दिला की मागून अख्खं थिएटर ओरडे. त्यातल्या किती जणांनी ती तान खरोखर ऐकली असेल?

थिओडोर अडोर्नो या जर्मन विचारवंताने 1941 साली अमेरिकेत असताना लोकप्रिय संगीतावर कडाडून टीका केली. गाणी एकाच साच्यातून निघतात, वरवर थोडा फरक ठेवतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, निवड आपणच केली. साच्याबद्दल त्याचं म्हणणं मला पटतं. चाहत्याला मात्र तो फार लवकर मोडीत काढतो. डेव्हिड रीझमन या समाजशास्त्रज्ञाला 1950 साली तरुण श्रोत्यांतच एक लहान, चोखंदळ गट दिसला होता, गाजलेल्या गाण्यांकडे पाठ फिरवणारा.

मला खरं हलवलं ते 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी अनोळखी बँडांची 48 गाणी इंटरनेटवर ठेवली. 14 हजारांहून जास्त लोक ऐकायला आले. काहींना नुसती गाणी दिसत. बाकीच्यांचे आठ गट केले होते, आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड करून घेतलं, तो आकडाही त्यांना दिसे. एक गाणं एका गटात पहिलं आलं, तेच दुसऱ्यात चाळिसावं! अगदी चांगली गाणी सहसा बुडाली नाहीत, अगदी वाईट सहसा चढली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकलं. पुढे गाणी आकड्यांप्रमाणे एकाखाली एक लावली, तेव्हा गर्दीचा जोर आणखी वाढला. आपल्या फोनवर बहुतेक वेळा ती अशीच लावलेली असतात.

आता आपल्या गोव्यातल्या फोंड्याहून मंगेशी किती लांब? तिथे 1900 साली जन्मलेले दीनानाथ मंगेशकर नाटकात आले, तेव्हा गंधर्व गायकीची मोहिनी सगळीकडे होती. त्यांनी ती वाट धरली नाही. पंजाबी ढंगाच्या, चपळ, झेपावणाऱ्या गाण्याने त्यांनी आपला श्रोता घडवला. ही हिंमत आज आपण कुणाला करू देतो का?

देवळापुढच्या नाटकात एखादी मुलगी पद म्हणते, तेव्हा पुढच्या रांगेतले आपण जुनं ध्वनिमुद्रण कानात धरून बसलेले असतो. गाण्यातली नक्षीची जागा तशीच आली तर टाळी, नाही तर कुजबूज. हेही कळपाचंच ऐकणं, आणि ते जाणकार म्हणवणाऱ्यांकडून होतं म्हणून मला जास्त टोचतं. येत्या जत्रेत कुणी पद आपल्या अंगाने वाढवलं, तर ते पुरतं ऐकून घ्या. मग रंगपटात जाऊन तिला विचारा, ही जागा सुचली कशी.