लोखंडी नांगर आणि लोहाराचा भाता

मंडळी, किर्लोस्करांच्या कारखान्याची गोष्ट बहुतेक जण कुंडलच्या माळावरून सुरू करतात. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, हे तुम्हाला पाठ असेल. मला त्याआधीची बेळगावची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान १८८८ पासूनचं. तिथं आधी निघालं कडबा कापायचं यंत्र. हातानं चाक फिरवायचं, पात्याखाली कडब्याचे तुकडे पडतात. ते विकण्यात फार अडचण नव्हती. वाया जाणारी वैरण वाचते, हे गोठ्यात उभं राहिलं की दिसतं. खरी कसोटी १९०३च्या लोखंडी नांगराची.

लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून नांगर खपेना, असं सांगितलं जातं आणि सभेत हशा पिकतो. समजूत होतीही. पण शेतकऱ्याला नुसता अडाणी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. लाकडी नांगराला फाळ, म्हणजे जमिनीत घुसणारं टोक, लोखंडाचाच असे की! मग अडलं कुठं? माझ्या मते, दुरुस्तीपाशी. लाकडी नांगराचं रुमणं, म्हणजे धरायचा दांडा, मोडलं, तर गावचा सुतार नवं बसवायचा. फाळ बोथटला, तर लोहार भात्यावर तापवून, ठोकून पुन्हा टोक काढायचा. पैसे लगेच मोजावे लागत नसत, सुगीला बलुतं, म्हणजे कामाबद्दलचं धान्य, दिलं की झालं. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा फाळ मात्र ठोकायला गेलात तर तडकतो. ऐन नांगरटीत तो मोडला, तर बेळगावला कोण जाणार?

म्हणजे कारखान्याला नुसता नांगर विकून भागणार नव्हतं. झिजणारा प्रत्येक भाग सुटा मिळेल आणि तो बिनतक्रार बसेल, अशी सोय हवी होती. दोन फाळ हुबेहूब एकाच मापाचे ओतणं हे साधं काम नव्हे. ओतशाळेतल्या माणसांना विचारा.

एकदा ही धास्ती मिटली, की नांगर स्वतःची बाजू स्वतःच मांडतो. लाकडी नांगर जमीन फाडतो, उलथत नाही. लोखंडी नांगराचा पंखा, म्हणजे फाळामागचं वळणदार पातं, मातीची वळी उलटी पाडतो आणि खाली रुतलेली हरळीची मुळं उन्हात येतात. काळ्या रानात हरळीनं पीक खाल्लेलं ज्यानं पाहिलंय, त्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. त्याला बैल मात्र जास्त लागतात, हेही सांगायला हवं. दोन बैलांच्या शेतकऱ्याला ते परवडणारं नव्हतं.

पुढं पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले आणि वाडीच्या नांगराला मागणी वाढली. पण त्याच युद्धानं कारखान्याला लागणारा कच्चा मालही दुर्मीळ केला.