भिल्लांची फिल्म, वारल्यांचा चौक आणि आपलं ठाणं

ठाण्यात वारली चित्रं कुठे नाहीत ते सांगा. पुलाच्या खांबावर, सोसायटीच्या कंपाउंडवर, कॅफेत, कुर्त्यावर. रोज बघतो आपण, पण वारली माणसं मुळात चित्रं काढतात कशाला, हे कोणी विचारत नाही.

मी विचारायला लागलो ते एका ॲनिमेशन शॉर्ट फिल्ममुळे. 'हम चित्र बनाते हैं', नीना सबनानी यांची, आयआयटी पवईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात झालेली, म्हणजे मुलुंड-भांडुप ओलांडलं की आलंच. 2016 च्या फिल्म्समधून बेस्ट ॲनिमेशनचा राष्ट्रीय पुरस्कार हिला मिळाला. गोष्ट मध्य प्रदेशातल्या भिल्लांची, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आपण चित्रं का काढतो ते सांगणारी. त्यांच्यात चित्र काढणं हेच देवाला हात जोडणं. आणि फिल्म केलीय ती भोपाळच्या शेरसिंग भिल या चित्रकाराला बरोबर घेऊन, हे मला सगळ्यात आवडलं.

भिल्ल चित्र जवळून बघा एकदा. मोर असो नाहीतर झाड, आकार रंगवायचा आणि मग तो ओळीओळीने ठिपक्यांनी भरायचा, प्रत्येकाची ठिपके द्यायची पद्धत वेगळी, जाणकार त्यावरनं सांगतात चित्र कोणाचं ते. आता हे हलवायचं म्हणजे काय काम असेल, सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर मोराने मान वळवली की अंगावरचे सगळे ठिपके त्याच्यासोबत वळले पाहिजेत, नाहीतर नुसती चमचम होते. प्लेन रंग भरून सुटका करून घेता आली असती, पण मग ते भिल्लांचं चित्र राहिलंच नसतं.

वारल्यांकडेही तसंच आहे हो. लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र लिहितात, मधे पालघाट देवी, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. बायकांचं हे काम कागदावर आणून जगभर नेलं जिव्या सोमा म्हसे यांनी, 2011 ला पद्मश्री, गाव गंजाड, जे 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं.

ठाण्याला लागूनच असलेल्या येऊरच्या पाड्यांवर आजही वारली राहतात. आणि शहरात ॲनिमेशन शिकणारी पोरं किती आहेत! त्यांच्यातल्या कोणीतरी वारली पाड्यांवर जावं, धवलेरीला आणि चौक लिहिणाऱ्या बायकांना सोबत घ्यावं, नावं पण त्यांची मोठ्ठी टाकावी आणि चौकाची फिल्म करावी. गाण्याच्या ठेक्यावर एकेक रेघ उमटत देवी पूर्ण होताना मला मोठ्या पडद्यावर बघायचीये, आपल्या गडकरी रंगायतनमध्ये लावा, पहिल्या रांगेत बसतो.