हिरव्या रंगाची मुदत

(शिवाजी पार्क, सकाळ. नेटमधली मुलं, खेळपट्टीवर पाणी मारणारा माळी, कट्टा.)

सुट्टीच्या दिवशी शिवाजी पार्कात या. एका सामन्याचा लाँगऑन दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला खेटून उभा असतो आणि तरी कुणाचा चेंडू कुणाकडे जायचा, हे सगळ्यांना बरोबर ठाऊक असतं. रमाकांत आचरेकर सरांची नेट याच मैदानावर लागायची. पलीकडे समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब चालू आहे. कट्ट्यावर निवृत्त मंडळी बसली आहेत, बाहेरून चालणाऱ्यांची फेरी पूर्ण होते आहे.

सुमारे अठ्ठावीस एकर. तेही दादरमध्ये. ही जागा चुकून शिल्लक राहिलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ती कागदावर आखली, कुणीतरी तिच्यासाठी ठराव केला आणि त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने ती राखली. आज मुंबईच्या कागदावर आखलेली मैदानं मात्र मुदतीत ताब्यात घेतली नाहीत, तर हातची जातात.

(जुने नकाशे. मांडवी, दादर-माटुंगा.)

१८९६ साली मुंबईतल्या मांडवीत प्लेग आला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. हवा आणि उजेड नसलेल्या दाट वस्त्यांमध्ये साथ झपाट्याने पसरली, माणसं शहर सोडून पळाली. या तडाख्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या संस्थेची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि शहराच्या उत्तरेला, शेतं आणि वाड्या होत्या तिथे, नवी वसाहत आखायला घेतली. दादर, माटुंगा, वडाळा ही त्यातलीच. गरिबांची जेवढी घरं पाडली तेवढी ट्रस्टने पुन्हा बांधली नाहीत, हेही खरं आहे आणि ते विसरता कामा नये. पण आखणीचा क्रम बघा. रस्ते, गटारं आणि बागा आधी, इमारतींचे भूखंड नंतर.

(दादर पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स.)

ही पाच उद्यानं बघा. रस्ते त्यांना वळसा घालून जातात. घरं त्यांच्याकडे तोंड करून उभी आहेत. इमारती झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात घसरगुंडी आणि दोन बाकं टाकली असती, तर हे दिसलं नसतं.

१९२५ मध्ये महापालिकेने माहीम पार्क लोकांसाठी खुलं केलं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि शहर आखायचं काम पालिकेच्या अंगावर आलं.

(ओव्हल मैदान. राजाबाई टॉवर, पलीकडे आर्ट डेको इमारती.)

हे ओव्हल. एका बाजूला गॉथिक शैलीतलं उच्च न्यायालय आणि विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकातल्या गोलाकार गच्च्यांच्या इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दोन्ही रांगा एकाच नजरेत मावतात, कारण मध्ये मैदान आहे. याच मैदानाची एके काळी पार रया गेली होती. आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले, नेटाने मागे लागले, तेव्हा ते सावरलं. नागरिकांनी मनावर घेतलं की काय होतं, ते इथे दिसतं.

(विकास आराखड्याची पानं. हिरवे ठिपके.)

आता आजच्या कागदाकडे येऊ. शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची, हे ठरवणारा हा विकास आराखडा. मुंबईचा पहिला विकास आराखडा साठच्या दशकातला, दुसरा नव्वदच्या दशकातला. तिसऱ्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि शहरात गदारोळ झाला. रस्ते चुकीच्या जागी, जुन्या वास्तू गायब. लोकांनी आपापल्या गल्लीचं पान काढून चुका दाखवल्या. एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा नव्याने करायला लावला. पुढच्या वर्षी सुधारित मसुदा आला. त्यावरही हजारो हरकती आणि सूचना आल्या. अखेर १ सप्टेंबर २०१८ पासून 'विकास आराखडा २०३४' लागू झाला.

या पानांवरचा हिरवा रंग म्हणजे मोकळी जागा. पण हिरवा दिसला म्हणजे तिथे बाग आहे, असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी ते फक्त आरक्षण असतं. जमीन खाजगी मालकाची असते. पालिकेने एवढंच म्हटलेलं असतं की इथे मैदान हवं आहे.

(पत्र्याचं कुंपण, कुलूप. आत वाढलेलं गवत.)

ते मैदान प्रत्यक्षात येण्यासाठी जमीन ताब्यात घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२६. यात तीन वाटा आहेत. मालकाशी बोलून मोबदला द्यायचा. रोख पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क द्यायचा. नाहीतर भूसंपादन कायद्याने जमीन घ्यायची. २०१३च्या कायद्यानुसार तिसऱ्या वाटेने गेलं, तर शहरात बाजारभावाच्या साधारण दुप्पट पैसे मोजावे लागतात. मुंबईत हा आकडा ऐकूनच फाइल थांबते.

आणि मग येतं कलम १२७. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली, जमीन घेतली नाही, की मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. बोलीभाषेत तिला खरेदी सूचना म्हणतात. नोटीस मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत पालिकेने संपादनाचं पाऊल उचललं नाही, तर आरक्षण आपोआप रद्द होतं. ही मुदत सुरुवातीला सहा महिने होती, पुढे ती वाढवली गेली आणि २०१५च्या दुरुस्तीनंतर चोवीस महिने झाली. पाऊल म्हणजे नुसतं पत्र पाठवणं नव्हे, संपादनाच्या दिशेने खरी कारवाई हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात स्पष्ट केलं. मालकाच्या बाजूनेही बघा. दहा वर्षं जमीन अडकवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत, हा अन्यायच आहे. कायद्याचा रोख पालिकेच्या दिरंगाईवर आहे.

(पालिका मुख्यालय. जिने, फाइलींचे गठ्ठे.)

नोटीस आली की फाइल विकास नियोजन खात्याकडे जाते. जमिनीवर काय आहे, किती अतिक्रमण आहे, खर्च किती, याचा अहवाल तयार होतो. तो नगरसेवकांच्या सुधार समितीपुढे जातो. तिथून महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत. मंजुरी मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव. या प्रत्येक टेबलावर दिवस जातात आणि घड्याळ मात्र नोटीस आली त्या दिवसापासूनच चालू झालेलं असतं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे बराच काळ ना सुधार समिती होती ना महासभा. कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. आपल्या वॉर्डातल्या मैदानाची फाइल कुठे आहे, हे सभागृहात उभं राहून विचारणारा नगरसेवकच नव्हता.

मुदत चुकली की शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं, ते इथेही बांधता येतं. मुलं रस्त्यावर खेळतात.

(नाना-नानी पार्क. नंतर उद्यान खात्याचे मजूर, रोपं.)

ताब्यात आलेली जागा लोकांसाठी उघडी राहील, याचीही खात्री नाही. देखभालीसाठी म्हणून खाजगी संस्थांना दिलेल्या भूखंडांपैकी काहींवर क्लब उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये भूखंड असे दत्तक देण्याचं नवं धोरण महासभेने मंजूर केलं, तेव्हा मुंबईकर एवढे संतापले की त्याला स्थगिती द्यावी लागली आणि भूखंड परत घ्यायला सुरुवात झाली. आमचं म्हणणं सरळ आहे. माळी पालिकेचा हवा, खर्च अंदाजपत्रकातून हवा आणि फाटक सगळ्यांसाठी उघडं हवं. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची जी कामं दिली आहेत, त्यांत उद्यानं आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत.

(संगणकावर आराखड्याचं पान. बोट एका हिरव्या चौकोनावर.)

तुमच्या वॉर्डाचं पान पालिकेच्या संकेतस्थळावर आहे. हिरव्या चौकोनावरची अक्षरं वाचा. 'ईओएस' असेल तर मोकळी जागा आज अस्तित्वात आहे. 'आरओएस' असेल तर ते फक्त आरक्षण आहे. आरओएस दिसलं, की तो भूखंड प्रत्यक्ष बघून या. मग विकास नियोजन खात्याला माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचारा. जमीन कुणाच्या नावावर आहे, खरेदी सूचना आली आहे का, आली असेल तर कुठल्या तारखेला. या आराखड्यातल्या नव्या आरक्षणांची दहा वर्षं सप्टेंबर २०२८ मध्ये पूर्ण होतात. अर्ज त्याआधी गेला पाहिजे.