जाब कुणाला विचारायचा?

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

स्वामी रामानंद तीर्थ या अंबाजोगाईत शाळेत शिकवत होते, तेव्हा गावाचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं आणि सभा घ्यायची तर निजामाच्या ‘गश्ती निशाण ५३’ या फतव्यामुळे आधी परवानगी काढावी लागे. हे तुम्हाला मी सांगायला नको. समोर बसलेल्या कित्येकांच्या घरातली माणसं निजामाविरुद्धच्या त्या लढ्यात होती. पण एक लक्षात घ्या. परवानगी नाकारणारा कोण, त्याची कचेरी कुठं, हे गावाला ठाऊक होतं, म्हणून त्याच्याविरुद्ध उभं राहता आलं. बड्या तंत्रज्ञान कंपन्या आणि आपलं स्वातंत्र्य या आजच्या विषयात मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच. उभं राहायचं कुणासमोर?

माझ्या भाच्याचं केजजवळ कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये चांगला पाऊस झाला, रानाला वापसा आला, म्हणजे पेरणीजोगी ओल झाली, सोयाबीनच्या बियाण्याला झुंबड उडाली, आणि ऐन त्या सकाळी त्याचं मेसेजचं खातं बंद. ‘नियमांचं उल्लंघन’, एवढी एकच ओळ. कोणता नियम, कधी मोडला, काही नाही. गिऱ्हाइकांची मागणी त्यातच, उधारी त्यातच, पिशव्यांवरच्या लॉट नंबरचे फोटो त्यातच. लॉट नंबर गेला म्हणजे काय गेलं, हे शेतकऱ्याला विचारा. २०२० च्या खरिपात आपल्याकडे कित्येकांचं सोयाबीन उगवलंच नाही, तेव्हा पंचनाम्याला हाच नंबर लागत होता. त्या वेळी औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती, हेही आठवा. बियाणं कंपन्या काही लहान नव्हेत, पण त्यांना कोर्टासमोर यावं लागलं.

भाच्यानं फेरविचाराचा अर्ज केला. काही मिनिटांत उत्तर आलं : तपासलं, निर्णय कायम. एवढ्या वेळात कुणी माणसानं तो अर्ज वाचला असेल, हे मला पटत नाही. बहीण म्हणाली, “दादा, तलाठी सकाळी नाही तर दुपारी तरी भेटतो की रे!” तुम्ही हसलात, पण तिनं नेमकं बोट ठेवलं. तलाठ्यानं अडवलं तर तहसीलदार आहे, वर प्रांत आहे, कलेक्टर आहे, शेवटी खंडपीठ आहे. ही पायरीपायरीची वाट निजामाचं राज्य गेलं त्या १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपल्याला मिळाली. पोरगं दोन दिवस वही घेऊन गावोगाव फिरलं, “काका, तुमच्याकडं माझे किती राहिले?” विचारत. लोक खरं बोलले, हे आपल्या माणसांचं मोठेपण.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आला. मूळ मुद्दा भराभर मांडतो.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतात. खासगी कंपनी घटनेच्या कलम १२ मधल्या ‘राज्यसंस्थे’त सहसा बसत नाही. मक्तेदारीविरुद्धचा कायदा आहे. स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइड प्रकरणी १,३३७ कोटींवर दंड केला, नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला व्हॉट्सअ‍ॅपच्या गोपनीयता धोरणावरून २१३ कोटींवर. दंड सरकारजमा होतो. केजच्या दुकानदाराची उधारी त्यातून परत येत नाही.

२०२३ पासून केंद्राच्या तक्रार अपील समित्या आहेत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं दाद दिली नाही तर तिथं ऑनलाइन अपील करता येतं. फार थोड्यांना हे माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. पण निकालाला तीस दिवस धरलेत, आणि वापसा तीस दिवस टिकत नाही. म्हणून माझी मागणी अशी : खातं बंद करण्याआधी कारण लेखी आणि मराठीत द्या, अर्ज माणसानं वाचावा, आणि निकाल लागेपर्यंत ज्याची त्याची माहिती उतरवून घेऊ द्या. सरकारच्या सांगण्यावरून बंद होणाऱ्या खात्यांनाही हेच लागू हवं. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

ज्यांची खाती अशी बंद झाली असतील त्यांनी आज थोडं थांबावं. आलेला संदेश आणि तारीख घेऊन या, अपिलाचा मसुदा इथंच बसून करू.